नाद तारेचा, श्रेय मानेला

पेडल स्टील गिटार हे अमेरिकेतील, चार पायांवर आडवे मांडून वाजविण्याचे विद्युत्-वाद्य. त्याची मान ॲल्युमिनियमची असल्यास नाद लखलखीत, लाकडी असल्यास मऊ, असे पुष्कळ वादक सांगतात. हे जपूनच स्वीकारावे. येथे तार मानेवर दाबली जातच नाही. हातातील पोलादी दांडी ती अडविते. तंबोऱ्याचा भोपळाही नाही. चुंबकीय ग्राहक तारेचेच कंपन टिपतो. दांडीपलीकडे तारेला टेकू देतात ती पेडलने हलणारी धातूची बोटे. मेपलच्या भरीव देहात कंपन शिरते ते मुख्यतः त्यांच्यावाटे. तेव्हा ती किती घट्ट बसली आहेत, हे आधी पाहावे. (तापल्यावर ॲल्युमिनियम लाकडाहून अधिक प्रसरण पावते व सूर ढळू शकतो, ही तक्रार मात्र रास्त.) वादकाचा कान खोटा नव्हे, परंतु मान त्याने आधीच पाहिलेली असते. एकाच वाद्यावर दोन्ही माना आळीपाळीने बसवून पडद्याआड तीच तार छेडावी, मग त्याला विचारावे.