विश्लेषण : सायकलचे सरळ हँडल काढून ‘ड्रॉप हँडल’ लावणे कितपत शहाणपणाचे?

गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत पहाटे सायकलस्वारांची जी ये-जा असते, तिच्यात दोन जाती लगेच ओळखू येतात. मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल असलेल्या ‘रोड बाइक’ आणि सरळ आडव्या दांडीच्या हायब्रिड किंवा एमटीबी. करोनाकाळात, २०२० मध्ये, अनेकांनी घरी आणल्या त्या दुसऱ्या जातीच्या. आता हौस वाढली आहे, पण नवी रोड बाइक परवडत नाही. मग आहे त्याच सायकलचे हँडल बदलले तर? चार बोल्ट सैल करण्याचे काम, असे वाटते. प्रत्यक्षात प्रश्न हँडलचा कमी आणि ब्रेकचा जास्त आहे, आणि तो पावसाळ्यात अंगाशी येऊ शकतो.

हे हँडल हवेसे का वाटते?

वळलेल्या हँडलवर हात ठेवायला तीन जागा मिळतात. वरची आडवी पट्टी, ब्रेकच्या मुठी आणि खालचा बाक. तासन्‌तास चालवताना पकड बदलता आली की मनगटे आणि तळवे बधिर होत नाहीत. ‘ब्रेव्हे’ करणाऱ्यांना २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये तर १,२०० किलोमीटरसाठी कमाल ९० तास मिळतात. तिथे ही सोय खरोखर मोलाची. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून असल्या लांब पल्ल्यांचे आकर्षण मराठी घरांतही वाढले आहे.

दुसरे कारण वाऱ्याचे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून वाकून बसणारा कमी दमतो. पण हा हिशेब ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या सलग वेगाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर लालबाग ते दादर टीटी दर सिग्नलला पाय टेकवणाऱ्याला त्यातून काय मिळणार? दादर ते सीएसएमटी हे अंतरच रेल्वेमार्गाने जेमतेम नऊ किलोमीटर. सागरी किनारा मार्ग आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू या सलग वेगाच्या वाटा सायकलींना बंद आहेत. म्हणजे या हँडलचा मुख्य फायदा जिथे मिळाला असता, तिथे जाताच येत नाही. चाळीच्या अरुंद गॅलरीत मात्र चाळीस-बेचाळीस सेंटिमीटरचे हँडल साठ-पासष्टच्या सरळ दांडीपेक्षा कमी अडते, आणि बस-टॅक्सीच्या फटीतूनही सहज निघते, हे मान्य करायला हवे.

नुसते हँडल का बदलता येत नाही?

कारण जुने काहीच त्यावर बसत नाही. सरळ दांडीची जाडी पकडीच्या जागी २२.२ मिलिमीटर, वळलेल्या हँडलची २३.८. त्यामुळे जुने ब्रेक लिव्हर आणि गिअरची बटणे दोन्ही बाद. शिमानोने १९९० मध्ये ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत आणले. आज रोड बाइकवर तीच रचना रूढ आहे. अशा मुठींची अगदी साधी जोडीसुद्धा पंधरा-वीस हजारांच्या सायकलच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊ शकते. वर हँडल, टेप, केबल, मजुरी.

गिअरचेही गणित सर्वत्र जुळत नाही. मागे सात, आठ किंवा नऊ गिअर असतील तर शिमानोची रोड मूठ एमटीबीच्या मागच्या डिरेलरशी साधारण जुळते. दहापासून पुढे दोन्हींची केबल ओढण्याची मापे वेगळी झाली. पुढच्या डिरेलरचे तर आधीपासूनच जमत नाही, म्हणून पुढे एकच चक्र ठेवणे सोयीचे.

धोका नेमका कुठे आहे?

अनेक हायब्रिड सायकलींना ‘व्ही-ब्रेक’ असतात. त्यांचे हात लांब असल्याने रबर रिमला टेकवण्यासाठी रोड लिव्हरच्या जवळपास दुप्पट केबल ओढावी लागते. नेहमीची रोड मूठ तेवढी ओढतच नाही. मिस्त्री मग रबर रिमच्या अगदी जवळ आणून ठेवतो. दुकानाबाहेर ब्रेक उत्तम लागतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. नंतर एखाद्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर चाक आपटते, रिम किंचित वाकडी होते आणि रबर घासू लागते. ते सैल करावे तर मूठ थेट हँडलला टेकते आणि सायकल थांबत नाही. भर पावसात ओली रिम, झिजलेले रबर, परळ पुलाचा उतार आणि पुढे अचानक उघडलेले टॅक्सीचे दार अशी गाठ पडली तर काय होईल, हे सांगायला नको.

यावर उपाय आहेत. व्ही-ब्रेकसाठी जास्त केबल ओढणारे वळलेल्या हँडलचे लिव्हर मिळतात. टेक्ट्रोचे आरएल५२० हे त्यांतले परिचित. पण त्यात गिअर नसतात, ते वेगळे बसवावे लागतात. आखूड हातांचे मिनी-व्ही ब्रेक लावता येतात. केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये रोड मुठीसाठीचा कॅलिपर वेगळा येतो, तोच घ्यावा लागतो. तेलावर चालणारे डिस्क असतील तर मुठीही तेलाच्याच लागतात आणि खर्च हाताबाहेर जातो. ‘जुळवून घेऊ’ हा आपला आवडता शब्द, पण ब्रेकच्या बाबतीत तो मिस्त्रीच्या तोंडून आला तर सायकल परत घेऊन निघावे.

बसण्यात काय फरक पडतो?

सरळ हँडलच्या सायकलची चौकट मुळातच लांब असते. त्यात वळलेल्या हँडलच्या मुठी सात ते दहा सेंटिमीटर आणखी पुढे जातात. परिणामी स्वार ताणला जातो, मान दुखते, आणि आखूड स्टेम लावूनही हे सगळे भरून निघत नाही. मग तो सारा वेळ वरची पट्टी धरून चालवतो, जिथून ब्रेकला हातच पोहोचत नाही. पैसे खर्च करून अशी पकड मिळवायची, ही यातली सर्वांत विचित्र गोष्ट. ज्याची चौकट आधीच थोडी आखूड आहे, त्याचे बरे जमते.

मग करायचे काय?

जुनी, मजबूत, पुढे शॉक नसलेली सायकल, मागे आठ-नऊ गिअर आणि केबलचे ब्रेक असतील, शिवाय हाताने खटपट करण्याची हौस असेल, तर हा उद्योग जरूर करावा. इतरांनी आधी सरळ दांडीच्या टोकांना ‘बार-एंड’ लावून पाहावेत. पकडीची आणखी एक जागा थोडक्या पैशांत मिळते. खाचांचे जाड टायर काढून गुळगुळीत टायर घातले तर मरिन ड्राइव्हवर वेगातला फरक पहिल्याच फेरीत जाणवतो. ब्रेव्हेलाही सरळ हँडल चालते. तरीही वळलेलेच हवे असेल, तर दोन्हींची बेरीज करून पाहावी. पुष्कळदा त्या पैशांत थोडी भर घालून वापरलेली रोड बाइक येते, आणि तिचे ब्रेक, गिअर, चौकट सारे एकमेकांसाठीच बनलेले असते.

बदल करून घेतलाच, तर दुकान सोडण्यापूर्वी दोन्ही मुठी पूर्ण ताकदीने आवळून पाहाव्यात. मूठ आणि हँडल यांच्यात बोटभर जागा उरली पाहिजे. मग रिमवर पाणी ओतून हीच परीक्षा रिकाम्या गल्लीत, सावकाश वेगाने पुन्हा घ्यावी.