बिघाड आणि विवेक

बटण दाबूनही संगणक सुरू झाला नाही, की पुष्कळांचा धीर सुटतो. ‘यंत्र निकामी झाले’ असे ठरवून ते खर्चाच्या चिंतेत पडतात. वास्तविक अशा वेळी चिंतेपेक्षा क्रमबद्ध विचार अधिक उपयोगी पडतो.

या विचारपद्धतीचे जुने उदाहरण जयपूरला पाहावयास मिळते. सवाई जयसिंह (१६८८-१७४३) यांना पितळी वेधयंत्रांच्या नोंदींत चुका आढळल्या. त्यांनी त्यांची कारणे शोधली: लहान आकार, झिजणारे आस आणि सरकणारे मध्यबिंदू. त्यातूनच जंतरमंतर वेधशाळेतील दगड-चुन्याची स्थिर यंत्रे उभी राहिली. तेथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे.

संगणकालाही हीच दृष्टी लागू पडते. प्रथम भिंतीवरील सॉकेट दुसरे उपकरण लावून तपासावे. दिवा व पंखा दोन्ही बंद असतील, तर बहुधा वीजच आत पोहोचत नसते. पंखा फिरूनही पडदा काळा राहिला, तर मॉनिटरच्या वायरी पाहाव्यात. वारंवार ‘बीप’ असा आवाज येत असेल, तर रॅम सैल झालेली असू शकते. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा दोष कोठे होता, हे कळत नाही. पेटी उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढावी. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नये. त्यात वीज साठून राहते.

प्रत्येकाने स्वतःच दुरुस्ती करावी, असे नव्हे. परंतु बिघाड कोठे आहे हे ज्याला सांगता येते, तो कारागिरासमोर अगतिक होत नाही. सैल वायरीपायी नवे यंत्र घेण्याची वेळही त्याच्यावर येत नाही. यंत्र चालविण्याच्या शिक्षणात हा विवेकही शिकविला गेला पाहिजे.