महामानव आणि जमाव

दलित साहित्याची निग्रो साहित्याशी (शब्द त्या काळचा) तुलना करण्याची मराठी समीक्षेला एकेकाळी मोठी हौस होती. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतून आणलेली दृष्टी, जनार्दन वाघमारे यांचा १९७८ चा ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृति’ हा ग्रंथ, ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेणारी १९७२ ची दलित पँथर, या सामग्रीवर प्रबंध उभे राहिले. तुलना मात्र छापील पानापाशी थांबली. कृष्णवर्णीयांनी आपला इतिहास पडद्यावर कसा आणला आणि आपल्याकडे तो कसा आणला जातो, हा प्रश्न आम्ही वृत्तपत्री परीक्षणांवर सोपवून मोकळे झालो. पडद्यावर बाबासाहेब दिसले की हात जोडायचे. मूल्यमापन तिथेच संपते.

हात जोडण्याला माझा आक्षेप नाही. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ मध्ये ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला, तो पाठ्यपुस्तकांनी गाळलेले परत मिळवण्यासाठी. गाळल्या गेलेल्यांना गौरव ही चैन नसते. ‘गौरव म्हणजे प्रचार, कला नव्हे’ असे सांगणाऱ्या आमच्या सौंदर्यवाद्यांनी, ज्यांचे पूर्वज मराठी पडद्यावर पहिल्यापासून घोड्यावर बसलेले आहेत त्यांच्याविषयी ही शिसारी कधी दाखविली होती? तेव्हा गौरव हवाच. प्रश्न आहे तो गौरव कोणाचा, हा.

जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीने ॲलेक्स हेलीची ‘रूट्स’ सलग आठ रात्री दाखविली. हेलीच्या वंशवृत्ताच्या सत्यतेवर पुढे गंभीर आक्षेप आले, ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तरीही त्या मालिकेचा नायक नेता नव्हता. पकडून विकला गेलेला एक तरुण आणि त्याच्या पुढच्या पिढ्या, एवढाच तिचा विषय. आपल्याकडे काय झाले? जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) हा अभ्यासपूर्ण चित्रपट. पण ज्या समाजाचा तो इतिहास, त्याच्या भाषेत नव्हे, तर मूळ इंग्रजीत निघालेला. २०१९-२० मधील दूरचित्रवाणी मालिकेने मराठी घरांत प्रवेश केला, आणि तिच्या शीर्षकातच ‘महामानवाची गौरवगाथा’ हे शब्द होते. १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावणारे हजारो होते. परतताना त्यांपैकी अनेकांनी मार खाल्ला. या हजारोंची गावे, त्यांच्या घरांतले त्या रात्रीचे बोलणे, यांची स्वतंत्र कथा चरित्रपटाच्या चौकटीत बसत नाही. तिथे ते पार्श्वभूमी होतात.

त्याच दूरचित्रवाणीवर या समाजाची दुसरी प्रतिमा असते, ती बातम्यांत. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी आंबेडकर पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. याच जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यासारख्या वस्तीत बसून पडद्याकडे पाहणाऱ्याला तिथे स्वतःसाठी दोनच जागा सापडतात: वर महामानव, खाली जमाव. मधली जागा, म्हणजे संस्कृती, रिकामी.

ती जागा नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) भरली, आणि आम्ही त्याला ‘वास्तववादी’ म्हणून गप्प बसलो. राष्ट्रगीत सुरू होताच डुक्कर पकडायला निघालेले कैकाडी कुटुंब जागीच थिजते आणि डुक्कर निसटते. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेले जाते. भिंतीवर सावित्रीबाई, बाबासाहेब यांची चित्रे आहेत. ही भिंत म्हणजेच आमचा गौरवपट. दिग्दर्शक तिला पुसत नाही, तिची टर उडवत नाही. तिच्यापुढून जब्याला चालवतो. चित्राइतकाच त्या पोराच्या खांद्यावरचा भार पाहायला लावणे, हे गौरवाचे काम भिंतीने एकटीने कधीच केले नव्हते. फेकलेला शेवटचा दगड सर्वांना आठवतो. भिंत मात्र थोड्यांनाच.

आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’विषयी तर आमची समीक्षा जवळजवळ मुकीच आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू होऊन चौदा वर्षे चित्रित झालेल्या या तीन तासांहून दीर्घ पटात गाणे हे मनोरंजनासाठी येत नाही. वस्ती आपला इतिहास गाण्यातच नोंदवते, हे त्यात प्रत्यक्ष दिसते. वामनदादा कर्डकांची परंपरा वाचून कळत नाही, ती ऐकावी लागते, हे मान्य करणाऱ्या विभागांनीच हा पट ‘वाङ्मयबाह्य’ ठरवून दूर ठेवावा?

मराठवाड्याने १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे नामांतराचा लढा पाहिला. घरे जळाली, माणसे मेली, माणसे गाव सोडून गेली. ‘रूट्स’च्या आठ रात्रींना पुरून उरेल एवढी ही सामग्री आहे, आणि तिचे साक्षीदार वृद्ध होत आहेत. अभ्यासक्रमात कादंबरीच्या माध्यमांतरावर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आम्हा अध्यापकांनी निदान त्यांच्यासमोर एक ध्वनिमुद्रक तरी नेऊन ठेवावा, वाहिन्यांची वाट न पाहता.