कोकिळेला दोष, पावशाला मान?

कोकिळा फुकटखाऊ, कावळा मूर्ख. म्हणून कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं अंडं दिसलं की काढून फेकावं. बीडमधले एक पक्षिप्रेमी हे मत मोठ्या ठसक्यात मांडतात. कावळ्याचा कळवळा फार, पक्ष्यांची माहिती मात्र तोकडी.

त्यांचा हुकमी पुरावा असा, की कोकिळेचं पिल्लू जन्मताच कावळ्याची अंडी बाहेर ढकलतं. असं वर्णन एडवर्ड जेन्नरने १७८८ साली केलं खरं, पण ते युरोपातल्या कुकूच्या पिल्लाचं. आपल्या कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात सहसा असं करत नाही. ते साधारण १२ ते १४ दिवसांत अंड्यातून बाहेर येतं, कावळ्याच्या पिल्लाला १६-१७ दिवस लागतात. आधी जन्मल्यामुळे घास त्याला आधी मिळतो. कावळ्याची काही पिल्लं उपाशी राहतात, मरतातही. तरी दोन्हींची पिल्लं एकाच घरट्यात वाढल्याच्या नोंदी आहेत. नुकसान होतं, कत्तल होत नाही. परदेशातल्या पक्ष्याचा गुन्हा लिंबावरच्या कोकिळेच्या माथी मारायचा आणि त्याला विज्ञान म्हणायचं, हे खपवून घेता येणार नाही.  

कावळा मूर्ख? कोकिळा दिसली की कावळे तिचा पाठलाग करतात, ते कशासाठी?

आणि पावशाचं काय करायचं? मृगाच्या तोंडावर त्याचं 'पेरते व्हा' ऐकून बालाघाटातला शेतकरी आभाळाकडे पाहतो. हा पावशाही घरटं बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात, त्यांच्या अंड्यांसारखीच निळी अंडी घालते. चातकाचीही तीच रीत. ती पिल्लं सातभाईंचा थवा मिळून भरवतो. पावशाला मान आणि कोकिळेला शिक्षा, हा कुठला न्याय?

कोकिळा वड, पिंपळ, उंबराची फळं खाते आणि बिया दूरवर पोचवते. उघड्या माळांच्या जिल्ह्यात हे काम मोलाचं आहे. कावळ्याचं भलं करायचंच असेल तर बांधावरचे लिंब आणि बाभळी राखाव्यात. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीतच धरलं आहे. तेव्हा घरट्याला शिडी लावू नये, आणि पिल्लं उडेपर्यंत ती फांदीही छाटू नये.