विनयाचा दाखला

अमेरिकेत ‘असाधारण गुणवत्ते’च्या वर्गातून ग्रीनकार्ड मागणारे आपले वैद्यकीय संशोधक हे संशोधक नसून भाट आहेत, आणि भाटही स्वतःचेच, असा शेरा एका विद्वान गृहस्थांनी नुकताच मारला आहे. खऱ्या पंडिताला स्वतःच्या थोरवीचा अर्ज लिहिताना लाज वाटावी. कायद्यातले दहा निकष ही वकिलांची हातचलाखी. आणि जाणारा जातो तो मायदेशाचे कर्ज बुडवून, एवढेच त्यांचे म्हणणे. याहून अधिक ते काही म्हणाले असल्यास माझ्या ध्यानात राहिले नाही.

माझ्या भाचीने हा अर्ज केला तेव्हा मी तिच्याच घरी मुक्कामाला होतो. जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सारून तिने कागदांच्या चळती मांडल्या होत्या: तिच्या निबंधांचा आधार कोणी कोठे घेतला त्याच्या याद्या, परीक्षणासाठी आलेल्या हस्तलिखितांबद्दल संपादकांची पत्रे, आणि जिचे तोंडही तिने कधी पाहिले नव्हते अशा एका प्राध्यापिकेने, हिची पद्धत आपल्या प्रयोगशाळेत कशी उपयोगी पडली, हे तपशीलवार लिहून दिलेली साक्ष. स्वतःच्या कामामागे ‘महत्त्वपूर्ण’ हे विशेषण तिने एकदाच लावले होते आणि लगेच खोडलेही होते. वकिलाने ते पुन्हा लिहिले आणि बजावले की, हा शब्द तुमचा नव्हे, नियमातला आहे. कचेरीने मागितलेला पुरावा हजर करणे ही आत्मस्तुती असेल, तर कोर्टात जबानी देणारा प्रत्येक साक्षीदार बढाईखोरच ठरेल.

कस्तुरीला दवंडी लागत नाही, असा या गृहस्थांच्या शेऱ्याचा मथितार्थ. आरएनएवर संशोधन करणाऱ्या कातालिन कारिको १९८५ साली हंगेरीहून अमेरिकेस गेल्या. १९९५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर ढकलले, आणि त्याच आरएनएच्या कामाला नोबेल मिळाले ते २०२३ साली. म्हणजे कस्तुरीचा वास विद्यापीठाच्या नाकापर्यंत पोचायला अठ्ठावीस वर्षे लागली! विनयाचाच कित्ता हवा असेल, तर यल्लाप्रगडा सुब्बाराव घ्या. फॉस्फरस मोजण्याची त्यांची पद्धत १९२५ पासून त्यांचे नाव मिरवते, पण हार्वर्डने त्यांना कायम पद दिले नाही. १९४६ पर्यंत तर अमेरिकेचा कायदा हिंदी माणसाला नागरिकत्वाचा अर्जच करू देत नव्हता. १९४८ साली ते वारले तेही परके म्हणूनच.

या गृहस्थांशी माझा हा वाद जुना आहे. ग्रंथ-पुरस्कारासाठी ग्रंथकर्त्याने स्वतः अर्ज करावा की नाही, यावर आम्ही पूर्वी एकदा एक संबंध संध्याकाळ खर्ची घातली होती. ते कडाडून विरुद्ध होते. पुढे त्यांच्याच पुस्तकाच्या चार प्रती, अर्जासह, मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल झाल्याचे कानावर आले. तेव्हा विनय कोणत्या खणात ठेवला होता, हे विचारायचे राहून गेले.

हातचलाखीविषयी इतकेच की, दहांपैकी तीन निकष पुरे केल्याने फक्त दार उघडते. नंतर अधिकारी सगळे दप्तर एकत्र तोलतो. मायदेशाच्या कर्जाविषयी म्हणाल, तर ओडेसात जन्मलेल्या हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तेव्हा ओडेसाचा हिशेब मुंबईकरांनी मागितल्याचे मी तरी कोठे वाचले नाही.

माझे म्हणणे फार मोठे नाही. १९९० च्या कायद्यातल्या या वर्गात अर्जदाराला स्वतःच अर्ज करता येतो. मालकाची सही लागत नाही आणि नोकरीचे पत्रही लागत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे अनुदान आटले की ज्याचा व्हिसाही टांगणीला लागतो, त्या संशोधकाला या एका मुभेची किंमत विचारावी.

भाचीचा अर्ज मंजूर झाला. मात्र कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना मिळणाऱ्या व्हिसांवर ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने असाधारणांचीही रांग लागली आहे, आणि तीत ती अद्याप उभी आहे. त्या गृहस्थांना हवा तो विनय तिथे सक्तीचाच आहे.