दप्तरी दाखल

सरकारी मराठीत काही शब्दप्रयोग असे आहेत की, त्यांचा खरा अर्थ कोशात सापडत नाही. तो अर्जदाराच्या अनुभवात सापडतो. ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे’ हे वाक्य त्यांपैकीच एक होय. भोळ्या माणसास वाटावे की, अर्ज जपून ठेवला गेला आहे व वेळ येताच तो बाहेर काढला जाईल. वस्तुतः अर्जाचा अंत्यविधी उरकला, एवढेच त्यात सांगितलेले असते.

आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्यास हे वाक्य नुकतेच वाचावयास मिळाले. रात्री उशिरा अभ्यासिकेतून परतत असता नाकाबंदीवर त्यास अडविण्यात आले. गाडीचे कागद त्याने दाखविले. परंतु ‘साहेब, माझी चूक काय?’ एवढे विचारण्याचा अपराध त्याच्या हातून घडला. त्यास चौकीत नेऊन पहाटेपर्यंत बसवून ठेवण्यात आले आणि मधल्या वेळात बसलेल्या एका थपडेने त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. त्यास चौकीत आणल्याची नोंद कोठेही नव्हती. त्याचे वडील रिक्षा चालवितात. ‘पोलिसांच्या वाटेला जाऊ नकोस, बाळा,’ असे त्यांनी परोपरीने विनविले. तरीही मुलाने डॉक्टरांच्या दाखल्यासह अर्ज दिला, पोच घेतली आणि आठ महिने वाट पाहिली. उत्तर आले : चौकशीअंती तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल. चौकशी कोणी केली? ज्या चौकीत मार बसला, तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्याच अधिकाऱ्याने! मग त्या मुलाने माहितीच्या अधिकाराखाली एकच प्रश्न विचारला : या अंमलदाराविरुद्ध यापूर्वी किती तक्रारी आल्या व त्यांचे काय झाले? उत्तर मिळाले की, ही माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्यामुळे देता येत नाही.

मारणाऱ्या हाताचा पूर्वेतिहास ही त्या हाताची खासगी बाब ठरली आणि फाटलेला कान तेवढा सार्वजनिक राहिला! याच एका मुद्द्यावर आम्ही येथे लिहीत आहो. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची नोंद जोवर लोकांस पाहावयास मिळत नाही, तोवर प्रत्येक तक्रार ही पहिलीच तक्रार ठरते. दहा माणसांनी दहा वर्षांत एकाच माणसाविरुद्ध अर्ज केले, तरी त्या दहांपैकी कोणालाही उरलेल्या नऊंचा पत्ता नसतो. ‘तुमच्याखेरीज आजवर कोणी बोलले नाही,’ असे त्यांतील प्रत्येकास सांगता येते. एकट्या माणसाची साक्ष दुबळी असते. आणि आजची व्यवस्था प्रत्येक साक्षीदारास एकटे ठेवते.

याच्या उलट बाजूकडे वाचकांनी क्षणभर पाहावे. पासपोर्ट काढावयाचा, पोलिसांकडून पडताळणी. कित्येक नोकऱ्यांत रुजू व्हावयाचे, चारित्र्याचा दाखला. घर भाड्याने द्यावयाचे, भाडेकरूची माहिती ठाण्यात. ज्याच्यावर एकदा हिस्ट्रीशीट उघडले गेले, त्याच्या दारावर रात्रीअपरात्री थाप पडते. म्हणजे मनुष्याच्या गतवर्तनावरून त्याच्या भावी वर्तनाचा अंदाज बांधता येतो, हे तत्त्व पोलीस खात्यास पूर्णपणे मान्य आहे. फक्त ते तत्त्व खात्याच्या उंबरठ्याशी येऊन थांबते. आमची नोंद त्यांच्यापाशी असावी आणि त्यांची नोंद आमच्यापाशी नसावी, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

कायद्याची स्थितीही नीट पाहिली पाहिजे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात वैयक्तिक माहितीस अपवाद होता, परंतु व्यापक जनहिताची वाट त्याच पोटकलमात मोकळी ठेवलेली होती. पुढे 2012 साली गिरीश रामचंद्र देशपांडे या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, सरकारी नोकरास दिलेले ज्ञापन, कारणे दाखवा नोटीस, ठपका वा शिक्षा ही मुख्यत्वे नोकर व मालक यांच्यामधील बाब आहे. न्यायालयाविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्ही विचारतो की, पोलीस शिपायाचा मालक कोण? आणि ज्याच्या अंगावर वळ उठले, तो या दोघांमधील परका काय? कचेरीत उशिरा येणाऱ्या कारकुनाची बाब आणि नागरिकास कोंडून ठेवण्याचा अधिकार असलेल्या अंमलदाराची बाब एकाच तागडीत कशी तोलता येईल? त्यावर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते पोटकलम आणखी आखडून टाकले. विधिमंडळास जी माहिती नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीस नाकारता येणार नाही, हे परंतुकही त्यातून वगळले गेले. व्यापक जनहिताच्या आधाराची एक वेगळी तरतूद शिल्लक आहे. परंतु तिचा अर्थ लावणारा पहिला माणूस खात्याचाच असतो.

कोणी म्हणेल की, यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहेच की! आहे, पण ते कसे आले, हेही सांगितले पाहिजे. माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या 1996 च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी आदेश दिला आणि राज्य व जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमावयास सांगितले. महाराष्ट्राने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली ती 2014 साली, म्हणजे आठ वर्षांनी. आणि तीतही जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. गडचिरोलीच्या माणसाने आपली तक्रार नागपुरास न्यावी, असा याचा अर्थ. अशा प्राधिकरणास आमचा विरोध नाही. ते बळकट व्हावे असेच आम्हांस वाटते. परंतु ते एकेका तक्रारीचा निवाडा करील. एका माणसाच्या हातून वर्षानुवर्षे काय घडत आले, हे लोकांस दिसावयाचे तर उघडी नोंदवहीच हवी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, पोलिसांवर खोट्या तक्रारी पुष्कळ होतात. त्या उघड झाल्या तर दलाचे मनोधैर्य खचेल, अंमलदारांच्या जिवास धोका उत्पन्न होईल. हा आक्षेप आमच्या येथेच निघाला आहे असे नव्हे. न्यूयॉर्क राज्याने 1976 साली नेमक्या याच भयापोटी ‘50-अ’ नावाचे कलम केले. उलटतपासणीत वकिलांनी पोलिसांस जुन्या, निराधार तक्रारींवरून छळू नये, हा मूळ हेतू. पुढे त्याचे लोखंडी कपाट झाले. 2014 साली न्यूयॉर्क शहरात पोलिसाने गळ्यास घातलेल्या विळख्यात एरिक गार्नर हा निःशस्त्र मनुष्य मरण पावला. त्या पोलिसाविरुद्ध पूर्वी काय तक्रारी होत्या, हे अधिकृतपणे सांगण्यास शहराने याच कलमाचा हवाला देऊन नकार दिला. अखेर 2020 च्या मे महिन्यात मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइडचा बळी पडल्यावर जो क्षोभ उसळला, त्यापुढे ते कलम जूनमध्ये रद्द झाले. संघटना न्यायालयात गेल्या. परंतु अन्य कित्येक राज्यांत अशा नोंदी खुल्या असूनही त्यामुळे पोलिसांस धोका वाढल्याचा पुरावा पुढे आलेला नाही, अशा आशयाचे मत नोंदवून अपील न्यायालयाने 2021 साली त्यांची मागणी मुख्यत्वे फेटाळली. आज त्या शहरातील कोणाही नागरिकास अंमलदाराचे नाव घालून त्याच्यावरील तक्रारी व त्यांचा निकाल पाहता येतो. तेवढ्याने तेथे रामराज्य अवतरले, असे आम्ही म्हणत नाही. शिक्षेचा अखेरचा अधिकार तेथेही पोलीस आयुक्ताच्याच हाती राहिला आहे. परंतु नोंद उघडल्याने आकाश कोसळते, हे भाकीत मात्र खोटे ठरले.

खोट्या तक्रारींचे औषध तर उघडेपणातच आहे. तक्रारीशेजारी तिचा निकाल छापा. खोटी ठरली तर ‘खोटी’ असे ठळक लिहा. एका तक्रारीवरून कोणी शहाणा मनुष्य निष्कर्ष काढणार नाही. शिकागोत 2014 साली लाक्वान मॅकडोनाल्ड या सतरा वर्षांच्या मुलास सोळा गोळ्या घालणाऱ्या अंमलदाराविरुद्ध पूर्वीच्या सुमारे वीस तक्रारी होत्या. पण त्या ओळीने मांडलेल्या कोणास वेळेवर दिसल्या नाहीत. वीस दिव्यांपैकी प्रत्येक दिवा वेगळ्या खोलीत कोंडला, तर अंधार कमी कसा व्हावा?

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक गंभीर वाटतो. उघड्या नोंदीत गरीब शिपाई तेवढा सापडेल, हुकूम देणारा साहेब सुटेल, असे काही जाणती माणसे म्हणतात. बारा बारा तास उन्हात उभ्या राहणाऱ्या शिपायाविषयी आमच्या मनात सहानुभूतीच आहे. पण आज तरी त्याचे रक्षण कोण करते? बोभाटा झाला की त्यास नियंत्रण कक्षाशी संलग्न करतात, आणि ज्यांच्या देखरेखीखाली ते घडले त्यांची नावे फायलीतच राहतात. नोंद पूर्ण असेल, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे नाव प्रत्येक तक्रारीसोबत असेल, तर कोणत्या साहेबाच्या अमलात तक्रारी वाढतात हेही दिसेल. शिवाय ज्या हवालदाराने तीस वर्षे कोणावर हात उगारला नाही, त्याची कोरी पाटी हीच त्याची सनद ठरेल. आज त्यास दुसऱ्याच्या पापाचा डाग विनाकारण लागतो.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक पोलीस आयुक्तालयाने अंमलदाराचे नाव, हुद्दा, ठाणे, तक्रारीचा दिनांक व स्वरूप, चौकशी करणाऱ्याचे नाव आणि निकाल यांची नोंद आपण होऊन प्रसिद्ध करावी. अंमलदाराचे घर, कुटुंब व आजार यांविषयी एक अक्षरही त्यात असू नये. तक्रारदाराचे नाव झाकलेले असावे. विधिमंडळाने यासाठी कायदा करावा. 1902-03 च्या पोलीस आयोगाने, म्हणजे परकीय सरकारच्याच आयोगाने, या देशातील पोलीस दल सर्वत्र भ्रष्ट व जुलमी समजले जाते, अशी कबुली छापील अहवालात दिली होती. परक्यांनी जे छापावयाचे धैर्य केले, ते स्वकीयांस का होऊ नये?

त्या विद्यार्थ्याने परवा आम्हांस विचारले, ‘सर, माझ्यानंतर त्या चौकीत आणखी कोणाला नेले असेल, तर त्याला माझ्याबद्दल कधी कळेल का?’ आम्ही पस्तीस वर्षे अध्यापन करीत आहो. या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते विधिमंडळाने द्यावयाचे आहे. आणि ते मिळेपर्यंत हा प्रश्न दप्तरी दाखल होऊ न देणे, हे आपणां सर्वांचे काम आहे.