यंत्राला आत्मा नसतो म्हणे!

"यंत्राला आत्मा नसतो. हे काही वाद्य नव्हे." गेल्या वर्षी एका सुगम संगीत स्पर्धेत माझ्या कॅसिओकडे बोट दाखवून एका परीक्षकांनी हे उद्गार काढले आणि मला पेटीवर गाण्यास सांगितले. पेटी मला येत नव्हती. मी कॅसिओ काखेत मारला आणि मंचावरून खाली उतरलो. वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देण्याची आमच्या घरी रीत नाही. पण उत्तर मनात राहून गेले. ते आज या पानांवर देत आहे.

मी केदारखेड्याचा. राजूरच्या गणपतीवरून भोकरदनकडे निघाले की पूर्णेच्या काठी आमचे गाव लागते. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेला मी पहिलाच. कॅसिओ मी एका बँडवाल्याकडून जुना घेतला. त्याच्या तीन पट्ट्या मुक्या आहेत. गाणे शिकवायला गुरू नव्हता, म्हणून मोबाइललाच गुरू केले. त्यावर वाजवण्याचे धडे शोधता शोधता एका रात्री मला इंग्लंडमधली 'न्यू वेव्ह'ची गाणी सापडली आणि मी पहाटेपर्यंत ऐकतच राहिलो.

न्यू वेव्ह म्हणजे नवी लाट. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत 'पंक' नावाचे बंडखोर संगीत आले आणि त्याच्या पाठोपाठ ही लाट उसळली. तिच्यातल्या अनेक गायक-वादकांच्या हाती सिंथेसायझर आणि ड्रम मशीन होते. सिंथेसायझर म्हणजे विजेवर नाना आवाज घडवणारी पेटी आणि ड्रम मशीन म्हणजे ठरवून दिलेला ताल न थकता वाजवणारे यंत्र. या वाद्यांची गंमत अशी की एका बोटाने वाजवले तरी गाणे उभे राहते. ज्याला घराणे नाही आणि शिकवणीला पैसा नाही, त्यालाही गाण्याच्या घरात शिरायला एक दार मिळाले. मला हे संगीत आपले वाटले ते याच कारणाने.

माझे पहिले आवडते गाणे 'डोन्ट यू वॉन्ट मी'. ते १९८१ साली 'ह्यूमन लीग' या संचाने गायिले. हा संच शेफिल्डचा, आणि शेफिल्ड म्हणजे पोलादाचे शहर. या संचातल्या दोन गायिका १९८० साली शाळकरी मुली होत्या. संचाच्या मुख्य गायकाने त्यांना एका नाचाच्या ठिकाणी पाहिले आणि मंचाचा काही अनुभव नसताना आपल्याबरोबर घेतले. गाण्यात पुरुष म्हणतो, तुला मी घडवले. त्यावर ती बाई त्याला ऐकवते की तुझ्याशिवायही माझे चांगले झाले असते. आपल्याकडच्या किती गाण्यांत बाईला अशी दुसरी बाजू मांडायला मिळते? माझ्या वर्गभगिनींनी याचा विचार करावा.

दुसरे गाणे 'ब्लू मंडे', १९८३ सालचे, मँचेस्टरच्या 'न्यू ऑर्डर' या संचाचे. यातले बहुतेक सोबती आधी 'जॉय डिव्हिजन' नावाने वाजवीत. १९८० च्या मे महिन्यात त्यांच्या तरुण गायकाने आत्महत्या केली. उरलेल्यांनी नाव बदलले आणि पुढे चालू लागले. 'ब्लू मंडे'मध्ये ड्रम मशीन घणासारखे एकसारखे ठोके देत राहते आणि गाणारा जवळजवळ भावनाशून्य आवाजात गातो. पहिल्यांदा ऐकताना मलाही वाटले, परीक्षक खरेच बोलले, यात आत्मा नाही. पुन्हा ऐकले तेव्हा उमगले की दुःख फार झाले म्हणजे माणूस असाच सपाट बोलतो. गावात मौत झाली तर घरची माणसे दुसऱ्या दिवशी अशाच आवाजात बोलतात. अशा वेळी मागे कुणीतरी ताल धरून उभे राहावे लागते. भजनात हे काम टाळकरी करतात, 'ब्लू मंडे'त ते यंत्र करते. यंत्राला आत्मा नसेल, पण ज्याला आत्मा आहे त्याला ते आधार देऊ शकते. एवढे पुरेसे नाही काय?

"ही सारी परक्यांची कौतुके," असे कुणी म्हणेल. म्हणून तिसरे उदाहरण मुंबईचे देतो. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी रोलँड कंपनीचे सिंथेसायझर, बेस मशीन आणि ड्रम मशीन घेतले आणि १९८२ साली भैरव, ललित, भूपाळी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एचएमव्हीची तबकडी काढली. तिला न्यू वेव्हच्या फडताळात कुणी ठेवत नाही. पण वर्षे तीच आणि यंत्रेही त्याच जातीची. तबकडी खपली नाही आणि लोक तिला विसरले. पुढे १९८७ साली अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी तसल्याच बेस मशीनवर 'ॲसिड' नावाची नवी संगीतशैली सुरू केली. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. शिकागोच्या पाच वर्षे आधी हे मुंबईत वाजले होते! २०१५ साली चरणजित सिंग वारले. उतारवयात का होईना, त्यांना मान मिळाला. पण तो देण्यासाठी परदेशातला माणूस यावा लागला.

त्या तबकडीतला भैरव मी दिवाळीच्या सुटीत घरी लावला. माझे वडील जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये सळयांच्या कामावर जातात. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची मोसंबीची झाडे वाळली तेव्हापासून हे चालू आहे. ते जेवत होते. हातातला घास थांबवून म्हणाले, "हे तं आमच्या मिलचंच वाजून राह्यलं." चुलीजवळून आजी म्हणाली, "मिलचं कायचं? काकड्यातलं हाय हे." दोघांचेही बरोबर होते. ठोका मिलचा होता आणि सूर काकड्याचा. कार्तिकात पहाटे मंदिरात जो सूर ऐकत आजी म्हातारी झाली, तो तिने यंत्रातूनही ओळखला. परीक्षकांना जो आत्मा दिसला नाही, तो एक अक्षरही न शिकलेल्या माझ्या आजीला ऐकू आला.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख वकिली ठरेल. यंत्र माणसाचे काम हिरावून घेते, हे खरे आहे. १९८२ सालीच ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी मागणारा ठराव केला होता. ते लोक वेडे नव्हते, त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. आमच्या भागातही वरातीत डीजे आला आणि हलगीवाल्यांच्या, सनईवाल्यांच्या सुपाऱ्या कमी झाल्या. ज्या बँडवाल्याचा कॅसिओ मी स्वस्तात घेतला, त्याने तो का विकला हे मला ठाऊक आहे. त्या कॅसिओवर बोट ठेवताना मला हे विसरता येत नाही. पण याचे उत्तर यंत्राला अस्पृश्य ठरवण्यात नाही. हलगीवाल्याला आणि कॅसिओवाल्याला एकाच मंचावर बसवण्यात आहे.

शेवटी पेटीविषयी. जी पेटी वाजवायला मला सांगितले, ती तरी कुठली? तीही युरोपातून आलेले यंत्रच. मिंड काढता येत नाही म्हणून जाणकारांनी तिला नावे ठेवली. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती उठू लागायला १९७१ साल उजाडावे लागले. तरीही गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनी तिला मराठी केले, आणि आज तिच्याशिवाय आपले भजन उभे राहत नाही. म्हणजे कालचे परके यंत्र आज सोवळे झाले आणि आजचे परके यंत्र दारात उभे आहे, एवढाच फरक.

म्हणून माझी गुरुजनांना आणि मित्रांना नम्र विनंती आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात एक स्पर्धा अशी ठेवावी की तिला वाद्याची अट नसेल. हलगी आणा, पेटी आणा, कॅसिओ आणा. गाणाऱ्याला त्याच्या सुराने तोलावे, त्याच्या हातातल्या वस्तूने नव्हे. हरलो तरी माझी तक्रार राहणार नाही. मात्र या वेळी मला पूर्ण गाऊ द्यावे.

— बी.ए. द्वितीय वर्ष